सासूबाईंच्या मापाचे टायर

सर्व वाचकांना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येते की पुढील मजकूर दोन टायरांविषयी आहे. टायर रबराचे होते, काळे होते आणि गोल होते. तरीही त्यांच्यामुळे आमच्या सोळा माणसांच्या घरात जी उलथापालथ झाली, तशी त्याआधी फक्त भावकीच्या वाटण्यांत झाली होती, असं जुनी माणसं सांगत. कोमल हृदयाच्या वाचकांनी पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसावं.

दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. ऊस पुन्हा माणसाच्या डोक्यावर गेला होता. मी मूळची वाईची, मॅट्रिक झालेली, आणि नुकतीच लग्न होऊन साताऱ्याजवळच्या एका गावात आलेली सून. नवरा पलटणीत, सरहद्दीवर. आमचा संसार अंतर्देशीय पत्रांवर चालला होता, आणि ती पत्रंही घरात माझ्याआधी चारजण वाचत.

सासरे लष्करातून सुभेदार होऊन परतले होते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या. माणसाचा चेहरा ते विसरत, पण गाडीचा आवाज विसरत नसत. त्यांना मी मामंजी म्हणे आणि सासूबाईंना आत्याबाई. आत्याबाई कमी बोलत. थोरल्या दिरांसमोर तर त्या अजिबातच बोलत नसत. पदर पुढं ओढून, भांड्याच्या आवाजावरून काय ते समजावं. आमचे हे थोरले म्हणजे मामंजींचे मोठे भाऊ, घराचे कारभारी. घरात पान हलायचं ते त्यांच्या परवानगीनं, आणि बहुतेक पानं हलत नसत.

एका सकाळी भाकऱ्या थापता थापता आत्याबाई तव्याकडं बघत मला म्हणाल्या, "लगीन होऊन इतकी वर्सं झाली, पन आमी दोघं एका छपराखाली दोघंच, अशी एक दुपार काय मिळाली न्हाई गं." मग भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "सरपान घाल."

नंतर कळलं की लष्करात मामंजींना तीनदा कुटुंबाचं क्वार्टर मंजूर झालं होतं. पहिल्यांदा उसाची लागण होती, दुसऱ्यांदा नणंदेचं बाळंतपण, आणि तिसऱ्यांदा थोरल्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन. तिन्ही वेळा ट्रंक भरली आणि तिन्ही वेळा रिकामी केली.

म्हणून मामंजी जेव्हा एका जुन्या संस्थानिकाच्या गाडीखान्यातला भंगार माल बघायला म्हणून गेले आणि ट्रॅक्टरमागं एक घर बांधून घेऊन आले, तेव्हा मला एकटीलाच त्यात आश्चर्य वाटलं नाही. ती विलायती घरगाडी होती. एका आसावर दोन चाकं, वर लाकडी सांगाडा, त्यावर सायीच्या रंगाचा पत्रा. आत दोन बिछाने, स्टोव्ह ठेवायला फळी, भिंतीत बसवलेला आरसा आणि खिडक्यांना पडद्याच्या दांड्या. साहेबलोक पूर्वी शिकारीला जाताना ती मोटारीमागं जोडत.

"क्वार्टर मिळंना, तर क्वार्टरच चाकावर घालून आनलं," मामंजी म्हणाले. आत्याबाईंनी पदरानं आरसा पुसला, त्यात बघितलं, आणि पुन्हा एकदा पुसला.

बेत असा ठरला की मामंजी ट्रॅक्टर चालवणार, मागं घरगाडीत आत्याबाई. आठ दिवस. आधी औंधला यमाईचं दर्शन, मग वाट फुटेल तिकडं. जिथं सावली दिसेल तिथं गाडी उभी करायची, स्टोव्ह पेटवायचा आणि दोघांनीच चहा प्यायचा. आत्याबाईंनी हे ऐकून एवढंच विचारलं की साखरेचा डबा कुठला घ्यायचा, मोठा की बारका. मामंजी म्हणाले, बारका. त्या दिवशी त्यांनी स्वयंपाक करताना गुणगुणलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

पण टायर. ते मूळचेच होते आणि उन्हाळ्यातल्या टाचांसारखे भेगाळले होते. एकात तर बोट जाई. टायरच्या कडेला उठावाचे आकडे असतात. त्यांतला पहिला टायरची जाडी सांगतो आणि दुसरा आतल्या लोखंडी रिंगचा व्यास. मामंजींना हे तोंडपाठ होतं, पण आकडे झिजले होते आणि चष्मा त्यांना कमीपणाचा वाटे. त्यामुळं ते वाचायचं काम माझ्याकडं आलं. मी खडूची पूड चोळून आकडे उठवले. रिंग जीपच्याच मापाची निघाली, टायर मात्र जीपपेक्षा बारीक.

साताऱ्यात आम्ही चार दुकानं पालथी घातली. एकानं बैलगाडीचे टायर दाखवले. दुसऱ्यानं विचारलं, यात ऊस किती भरनार? ऊस नाही, बायको, असं मामंजींनी सांगितल्यावर त्याला पुढचा प्रश्न सुचेना. तिसऱ्यानं जीपचे टायर काढले. "रिंग तीच हाय न्हवं? मग बसतंय की गड्या."

मामंजींनी त्याला दुकानातच उभं करून धडा दिला. "रिंगवर बसतंय, गाडीत बसत न्हाई. टायर जाड झालं की उंच होतंय. वर मडगार्ड हाय. गाडीत वजन पडलं की खालचे स्प्रिंगचे पाटे दबत्यात, मडगार्ड खाली येतंय, आन टायर घासतंय. आधी वास, मग धूर, मग फुटतंय. माझ्या हाताखालच्या पोरांना ह्येच्यासाठी मी मैदानाला फेऱ्या मारायला लावायचो."

दुकानदार म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. माझं गुडघं दुखत्यात."

शेवटी त्यांच्या एका जुन्या सोबत्याचं सांगलीहून पत्र आलं: तिथल्या एका शेटजींकडं नेमक्या त्या मापाची एक जोडी कित्येक वर्षं पडून आहे. मामंजींनी पत्र दोनदा वाचलं, म्हणजे मी वाचलं आणि त्यांनी ऐकलं.

आता आमच्या घराचा एक कायदा सांगितला पाहिजे. आमच्या अंगणातून कुठलंही वाहन जागा शिल्लक ठेवून बाहेर पडत नाही. ट्रॅक्टर साताऱ्याला नुसता एक बोल्ट आणायला निघाला, तरी ट्रॉलीत दोन आजारी, एक माहेरवाशीण, एक शेळी आणि 'सहज येतो' म्हणणारे तिघं असतात. माझ्या स्वतःच्या लग्नाहून वरातीची गाडी परत आली, तेव्हा माझ्या मांडीवर कुणाचं तरी रेडिओचं खोकं होतं आणि शेजारी दाढ काढून आलेले एक गृहस्थ. ते वाटभर माझ्या खांद्यावर झोपले. नवरदेव पुढं ड्रायव्हरजवळ बसले होते.

त्या रात्रीच्या जेवणात थोरल्यांनी कायदा अमलात आणला. पत्र ऐकून ते म्हणाले, "बरं झालं. टायर आलं की समदीच जाऊ औंधला. मी येतो, आमची ही येती, धाकटी दोघं, पोरंबाळं. अकरा जनं व्हत्यात. पुजाऱ्याला सांगावा धाडतो."

चुलीजवळ आत्याबाईंचा हात भाकरीवर थांबला. मग पुन्हा चालू झाला. थोड्या वेळानं त्या हलक्या आवाजात मला म्हणाल्या, "साखरंचा मोठा डबाच काढून ठेव."

मामंजी खाली मान घालून जेवत होते. थोरल्या भावापुढं 'नाही' म्हणायची सवय त्यांना लष्करानंही लावली नव्हती. शत्रूला म्हणत असतील, भावाला नाही.

दुसऱ्या दिवशी ते खडू घेऊन घरगाडीपाशी उभे होते. मला म्हणाले, "आत बस. ते अर्धं पोतं जोंधळं जवळ घे. तू आन अर्धं पोतं म्हंजे तुजी सासू." सामानाच्या जागी त्यांनी पाण्याचे दोन हंडे ठेवले. पाटे दबले, गाडी जरा खाली बसली, तिथं त्यांनी चाकाजवळ एक रेघ मारली. तेवढ्यात थोरल्यांची बायको, म्हणजे आमच्या थोरल्या सासूबाई, 'काय चाललंय गं?' करत पानाचा डबा घेऊन आत आल्या आणि बिछान्यावर बसल्या. गाडी पुन्हा दबली. मामंजींनी खाली दुसरी रेघ मारली.

मग ते उकिडवे बसून त्या दोन रेघांमधल्या जागेकडं बराच वेळ बघत राहिले. थोरल्यांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "पाटे तपासतोय."

सांगलीला आम्ही यष्टीनं गेलो. बरोबर घरगाडीचं एक चाक, रिंग जुळवून बघायला. मला कशाला नेलं, तर आकडे वाचायला. मामंजींनी चाक खिडकीजवळ बसवलं, मग मी, मग ते. कंडक्टर आला, चाकाकडं बघत राहिला.

"सुभेदार, जादा चाक घिऊन बसलाय व्हय? आमच्या गाडीवर भरवसा न्हाई?"

"हाय की. पन तुमच्या गाडीला लागलं तर असावं."

कंडक्टरनं पुढच्या ड्रायव्हरला ओरडून सांगितलं की आता निवांत मार, स्टेपनी आत बसलीय. कराडपर्यंत सगळी गाडी आमच्या चाकाची चौकशी करत होती. एका बाईंनी त्याच्यावर आपली पिशवी टेकवली ती सांगलीपर्यंत उचलली नाही. कायदा फक्त आमच्याच घराचा नव्हता तर.

टायरवाले शेटजी जैन होते, शांत, पांढऱ्या टोपीचे. घरची शेती आणि दुकान दोन्ही बघत. दिवस मावळायच्या आत घरी जाऊन जेवायचं हा त्यांचा नेम, त्यामुळं बोलता बोलता त्यांची नजर दारातल्या सावलीवर असे. त्यांनी माळ्यावरून ती जोडी काढली, फडक्यानं पुसली. मी आकडे वाचले. तंतोतंत. रिंगवर ठेवून बघितलं, जसं काही तिच्याचसाठी ओतलेलं. मला आनंद झाला. मामंजींना झालेला दिसला नाही.

ते कोपऱ्यातल्या जीपच्या टायरांकडं बघत होते. खिशातून सुतळी काढली, जीपच्या टायरची उंची मोजली, मग बारक्याची, आणि सुतळीवर गाठ मारली. आणखी एक सुतळी काढली. तिच्यावर खडूच्या त्या दोन रेघांच्या मापाच्या दोन गाठी आधीच होत्या. दोन्ही सुतळ्या शेजारी धरून ते म्हणाले, "शेटजी, हे जाड द्या. जीपचं."

शेटजींनी चष्मा वर केला. "सुभेदारसाहेब, हे तुमच्या गाडीचं माप न्हवं. वजन पडलं की घासंल."

"किती वजनाला घासंल?"

"म्हंजे?"

"सामान आन एक बाईमानूस. घासंल?"

शेटजींनी सुतळ्या हातात घेतल्या, डोळे बारीक केले. "एकटी बाई... न्हाई. दोन बोटं जागा ऱ्हाईल."

"आन दोन बायका बसल्या तर?"

"तर लागंल की ओ. चार पावलं पन जाणार न्हाई."

"मग हेच द्या."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पटकन बारक्या टायरावर बसले, कारण हसू आवरायला काहीतरी धरायला हवं होतं.

शेटजी मात्र हसले नाहीत. बारकं टायर पुन्हा पुसत म्हणाले, "माप असताना चुकीचा माल मी देणार न्हाई. उद्या लोक म्हंतील, सांगलीच्या अमक्यानं सुभेदाराला फसवलं."

"लोक माजं नाव घेतील, तुमचं न्हाई. अठ्ठावीस वर्सं गाड्या बघून टायर चुकलं म्हंतील. म्हनू द्यात."

हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं, पण त्यांच्या आवाजातला कडकपणा गेलेला मला कळला. अख्ख्या तालुक्यात कुणाचा पंप बिघडला, ट्रक अडला, तर माणसं त्यांच्याकडं येत. दुसरं काही मिरवण्यासारखं त्यांच्याकडं नव्हतं.

मग मीच शेटजींना सगळं सांगितलं. तीन क्वार्टरं, तीन ट्रंका, अकरा माणसं, साखरेचा डबा. शेटजी ऐकत राहिले. दारातली सावली उंबऱ्याला लागली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"आमच्या घरात बावीस हायत," ते शेवटी म्हणाले. मग जीपचे टायर स्वतः ओढून बाहेर आणले. "रस्ता खराब असंल तिथं हळू घ्या. हवा मी सांगतो तेवढीच भरा, जास्त न्हाई. आन..." त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "तसली घरगाडी अजून एखादी हाय का हो तिथं?"

निघायच्या दिवशी अंगणात जत्रा होती. नव्या टायरांना हळदकुंकू लागलं, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. मामंजींनी ट्रॅक्टरवर चढण्याआधी पाचदा वाकून मडगार्डखाली बोटं घातली. आत आत्याबाई, सामान, आणि मग कायद्याप्रमाणं थोरल्या सासूबाई, आत्याबाईंच्या धाकट्या जावा, पोरं, हरभऱ्याचं पोतं, आणि औंधपर्यंत सोडा म्हणणारे एक परके पाहुणे.

ट्रॅक्टर सुरू झाला. घरगाडी दोन पावलं सरकली आणि तिनं असा आवाज काढला की दारातलं कुत्रं उठून गेलं. पाठोपाठ जळक्या रबराचा वास. लिंबं तेवढी चिरडली होती.

"उतरा, उतरा. पाव्हणं, तुमी आधी," मामंजी ट्रॅक्टरवरून ओरडले.

पाहुणे उतरले. पोतं उतरलं. पोरं उतरली. दर खेपेला ट्रॅक्टर ओढे, दर खेपेला चाक करकरे. माणसं उतरत होती तसा गावकऱ्यांचा उत्साह चढत होता. कुणी म्हणे, उजवीकडच्या उतरा. कुणी म्हणे, जाड्या उतरा, आणि मग जाडं कोण यावर वाद. शेवटी आत दोघीच उरल्या. थोरल्या सासूबाई पानाचा डबा कवटाळून बसल्या होत्या.

"मी काय हत्तीन हाय व्हय? माज्या एकटीनं काय व्हतंय?"

पुन्हा ओढून बघितलं. करकर. त्या तणतणत उतरल्या. गाडी दोन बोटं वर आली, आणि ट्रॅक्टरनं ओढताच लोण्यावरून सुरी जावी तशी पुढं गेली.

 अंगणात हसण्याची एक लाट आली.

"सुभेदार, ह्येच शिकवलं व्हय रं पलटनीत?"

"लढाई कशी जिकली म्हनायची ह्यांनी?"

"गड्या, माजा बैलगाडीचा टायर मागायचा हुतास की."

मामंजी ट्रॅक्टरवरून खाली उतरले. टायरकडं बघत उभे राहिले. मिशीवरून हात फिरवला, जो हात एरवी तिथून अभिमानानं फिरे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चुकलं माजं."

तो शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. मी पदर तोंडाशी धरला. लोकांना वाटलं, सून सासऱ्याच्या फजितीनं रडतेय.

आता जायला काही हरकत नव्हती. पण थोरले पुढं आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट मोठ्या भावाची माया होती, आणि तीच घातक होती.

"असू दे रं. मानूस हाय, चुकतंय," ते म्हणाले. "आज कुनी जायाचं न्हाई. उद्या मी सोता सांगलीला जातो. पत्रातलं ते बारकं टायर शेटजीकडं अजून असंलच. ते बसवू, आन परवा समदी मिळून निघू. काय?"

 असंलच काय, ते होतंच. मीच त्यावर बसून हसले होते. मामंजींनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. कटाचं पुढचं पान आमच्यापैकी कुणीच लिहिलं नव्हतं. मामंजी ट्रॅक्टरकडं वळले, किल्ली बंद करायला. थोरल्यांनी 'काय?' विचारलं की उत्तर 'बरं' असायचं. त्या घरात दुसरं उत्तर कुणाला माहीतच नव्हतं.

तेवढ्यात घरगाडीच्या खिडकीचा पडदा बाजूला झाला. आत्याबाई दिसल्या. डोक्यावरचा पदर जागेवर होता, पण तो पुढं ओढलेला नव्हता. लग्न होऊन आल्यापासून थोरल्या दिरांसमोर ज्यांच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं, त्या आमच्या आत्याबाई त्यांच्याकडं सरळ बघत, अख्ख्या गावासमोर म्हणाल्या:

"बारकं टायर कुनी आनलं, तर त्येला त्या टायरसकट हिरीत ढकलीन मी."